समोर कोण होतं?

दुबळ्या टीमसमोर धावांचा डोंगर रचला, तर तो पराक्रम की आयतं ताट? छोट्या संघाकडून खेळणाऱ्याला देशातला मोठा पुरस्कार द्यावा का? हा वाद कट्ट्यावर होतो, निवड समितीत होतो आणि थेट अमेरिकेतही होतो. एकदा नीट भांडून घेऊ!

मोडनिंब : ७६ चेंडूंत १६२ धावा. त्यात १६ सिक्सर.

एप्रिल २०२२ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय टी-२० स्पर्धेत ही खेळी झाली. टी-२० मध्ये दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय ठरली. पुरुष क्रिकेटपटूंनाही तोवर ते जमलेलं नव्हतं. तिचं नाव किरण नवगिरे. गाव मिरे, जिल्हा सोलापूर. म्हणजे आपलीच पोरगी. पण ती खेळत होती नागालँडकडून, आणि समोर होता अरुणाचल प्रदेश.

लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, ‘‘काय मारलंय राव!’’ दुसरा म्हणाला, ‘‘हो, पण समोर कोण होतं?’’

हा दुसरा प्रश्न आपल्याकडं फार लाडका. कुणी जिल्ह्यात पहिला आला की ‘जिल्ह्यात होतंच कोण?’ कॉलेजच्या स्पर्धेत शतक ठोकलं की ‘त्यांच्याकडं बॉलर तरी होता का?’ प्रश्न चुकीचा नाही. पण तो कुणाला विचारतो आणि कुणाला विचारत नाही, हे बघितलं की गंमत कळते.

मोठ्यांना कोण विचारतं?

फेब्रुवारी २०१९. श्रेयस अय्यरनं टी-२० मध्ये १४७ धावा कुटल्या. तेव्हा कुठल्याही भारतीयाची ती सर्वोच्च टी-२० खेळी होती. तो मुंबईकडून खेळत होता. समोर कोण? सिक्कीम. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिलक वर्मानं हैदराबादकडून १५१ केल्या. समोर मेघालय.

दोघंही भारी खेळाडू, त्यात वाद नाही. पण त्या बातम्यांच्या हेडिंगमध्ये समोरच्या संघाला फारशी जागा मिळाली नाही. मुंबईची जर्सी असली की धावा खेळाडूच्या. नागालँडची जर्सी असली की धावा समोरच्या बॉलरच्या मेहेरबानीच्या! म्हणजे बऱ्याचदा आपण समोर कोण होतं हे विचारतच नाही. तू कुणाकडून खेळतोस, हे विचारतो.

६०६ मोठे की ५९४?

आता जरा अवघड उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर २०१६, वानखेडे. महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ धावांची भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. रणजी ट्रॉफीतली ती सगळ्यात मोठी भागीदारी ठरली.

आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी तो विक्रम मोडला. नाबाद ६०६. कवठणकर नाबाद ३१४, बखले नाबाद ३००. समोर अरुणाचल प्रदेश, सामना प्लेट गटातला.

प्लेट म्हणजे रणजीतला खालचा गट. वरचा गट एलिट. २०१८-१९ च्या मोसमात बिहार, उत्तराखंड, पुद्दुचेरी आणि ईशान्येकडची सहा राज्यं असे नऊ संघ रणजीत आले. त्यांना प्लेट गटात ठेवलं गेलं. पुढं गट बदलत गेले, संघ वरखाली होत राहिले, पण ‘प्लेटमधल्या धावा’ हा टोमणा तेव्हापासून जो चिकटला तो चिकटलाच.

तर मग कोणती भागीदारी मोठी? तुम्ही पटकन म्हणाल, ‘दिल्लीविरुद्धची!’ थांबा. त्याच सामन्यात दिल्लीनंही उलट ५९० धावा केल्या होत्या, आणि त्यात रिषभ पंतच्या एकट्याच्या ३०८ होत्या. म्हणजे संघ तगडा होता, पण खेळपट्टी बॅटरसाठी पंगतीचं जेवण होती. उलट पर्वरीत गोव्यानं दोन बाद ७२७ वर डाव सोडला आणि अरुणाचलचे दोन डाव ८४ आणि ९२ वर आटोपले. तिथली खेळपट्टी सोपी असेल, तर ती एकाच संघाला कशी सोपी झाली? म्हणजे तिथं फरक संघांच्या ताकदीचाच होता.

यातून एक गोष्ट कळते. ‘समोर कोण’ हे विचारायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. त्याच दिवशी, त्याच खेळपट्टीवर, त्याच बॉलरांसमोर बाकीच्यांनी काय केलं, हेही बघायचं. सगळेच धो धो मारत असतील तर आपल्या हिरोचं कौतुक थोडं कमी. सगळे धडपडत असताना एकटाच उभा राहिला असेल, तर संघ कितीही छोटा असो, त्याला सलाम करायचा.

जाफर की मिलिंद?

आता मुद्दा पुरस्काराचा. रणजीत मोसमात सगळ्यात जास्त धावा आणि सगळ्यात जास्त विकेट काढणाऱ्याला भारतीय क्रिकेट बोर्ड माधवराव सिंधिया पुरस्कार देतं.

२०१८-१९ मध्ये नागपूरकरांचा लाडका वसीम जाफर चाळिशीत होता. विदर्भाकडून खेळताना त्यानं एलिट गटात १०३७ धावा काढल्या. विदर्भानं सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली. आणि पुरस्कार? तो गेला सिक्कीमच्या मिलिंद कुमारला. प्लेट गटात ८ सामन्यांत १३३१ धावा! विकेटचा पुरस्कार बिहारच्या आशुतोष अमनला. त्यानं ६८ विकेट काढून बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ मधला ६४ विकेटचा विक्रम मागं टाकला. पुढच्या मोसमातही धावांच्या यादीत वर प्लेटवालाच, अरुणाचलचा राहुल दलाल, १३४० धावा.

अन्याय झाला का? माझ्या मते नाही. पुरस्काराचं नाव वाचा. ‘सर्वाधिक धावा’. हा मोजणीचा पुरस्कार आहे. मोजणीत १३३१ हे १०३७ पेक्षा जास्तच असतात, त्यात मत कुठून आलं? वाद तेव्हा सुरू होतो, जेव्हा आपण मोजणीच्या पुरस्काराला ‘देशातला सर्वोत्तम’ म्हणायला लागतो. मोसमातला सर्वोत्तम फलंदाज कोण, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी जाफर म्हटलं असतं. सर्वाधिक धावा कुणाच्या, विचारलं तर मिलिंद. दोन प्रश्न वेगळे, दोन उत्तरं वेगळी.

बोर्डानंही पुढं वाटणी केली. १ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईत जो पुरस्कार सोहळा झाला, त्यात २०२३-२४ साठी एलिट आणि प्लेट असे वेगवेगळे पुरस्कार होते. एलिटमध्ये आंध्रचा रिकी भुई, ९०२ धावा. प्लेटमध्ये मिझोरामचा अग्नी चोप्रा, ९३९ धावा. एकच पुरस्कार असता तर पुन्हा प्लेटवालाच जिंकला असता आणि पुन्हा तोच कल्ला झाला असता.

वाटणी हिशेबाला बरोबर आहे. पण तिची एक मेख आहे. वेगळी रांग लावली की त्या रांगेकडं बघणं बंद होतं. गावाकडच्या लग्नात पाहुण्यांची पंगत वेगळी बसते, तेव्हा मागच्या पंगतीला काय वाढलं हे कोण विचारतं?

पाहुणे खेळाडू आणि घरचे

एक मजेशीर गोष्ट बघा. प्लेटमध्ये ढिगानं धावा काढणारे बरेच जण त्या राज्यांचे नव्हतेच. मिलिंद कुमार आधी दिल्लीकडून खेळलेला. अग्नी चोप्रा मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढलेला. किरण नवगिरे महाराष्ट्राची. मोठ्या राज्यात एका जागेसाठी वीस जण रांगेत. मग पोरं बॅग उचलतात आणि जिथं जागा आहे तिथं जातात. त्यात वाईट काही नाही. नोकरीसाठी आपण पुण्याला जातोच की.

पण याची दुसरी बाजूही आहे. अरुणाचलचा जो स्थानिक पोरगा दिवसभर पळून पळून बॉलिंग टाकतो, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या विक्रमात ‘दुबळं आक्रमण’ म्हणून येतो. त्याला टर्फ विकेट कधी मिळाली, कोच कधी मिळाला, मोसमात सामने किती मिळाले, हे विचारायचं राहून जातं. छोट्या संघांचा प्रश्न नुसता पुरस्काराचा नाही. त्यांना तगड्या संघाशी खेळायलाच मिळत नाही. मग ते तगडे कधी होणार?

अमेरिकेतही हेच भांडण

तुम्हाला वाटेल, हे आपल्याकडचंच दुखणं. नाही हो. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं वेड आपल्या आयपीएलसारखं आहे. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नाही, अंडाकृती चेंडूचा, धडकाधडकीचा. त्यात ‘रनिंग बॅक’ नावाचा गडी असतो. चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरची भिंत फोडून पळायचं, हे त्याचं काम. किती यार्ड पळाला, यावर त्याची किंमत.

तिथल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला १९३५ पासून ‘हाइजमन ट्रॉफी’ मिळते. ही मतदानानं ठरते. मोजणीनं नाही, हे लक्षात ठेवा.

२०२४ मध्ये बोइसी स्टेट युनिव्हर्सिटीचा अ‍ॅश्टन जेंटी एका मोसमात २,६०१ यार्ड पळाला. बॅरी सँडर्सचा १९८८ मधला २,६२८ यार्डांचा विक्रम फक्त २७ यार्डांनी वाचला. पण बोइसी स्टेट छोट्या साखळीत खेळते. लगेच सवाल आलाच, समोर कोण होतं? हाइजमनच्या मतदानात जेंटी दुसरा आला. ट्रॉफी कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली.

आता जेंटीच्या वकिलांचं म्हणणं ऐका. त्याच मोसमात बोइसी स्टेटची गाठ ओरेगनशी पडली होती. ओरेगन म्हणजे दादा टीम, त्या वर्षी नियमित मोसमात एकही सामना न हरलेली. बोइसी स्टेट ३७-३४ अशी हरली, पण जेंटी १९२ यार्ड पळाला. म्हणजे भिंत जाड होती तरी गडी तोच होता. पुढं एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा लास वेगास रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं.

त्याच्या आधीचं उदाहरण लाडेनियन टॉमलिन्सनचं. २००० साली टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीकडून छोट्या साखळीत २,१५८ यार्ड, देशात सगळ्यात जास्त. हाइजमनमध्ये चौथा. पुढं २००६ मध्ये तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण सावध! एक टॉमलिन्सन पुढं चमकला म्हणून छोट्या साखळीतला प्रत्येक जण हिरा असतो असं नाही. पुरस्कार त्या वर्षीच्या खेळासाठी असतो. पुढं काय होईल याची ती पैज नसते. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. पुढं चमकला नाही म्हणून आधीचा पराक्रम खोटा ठरत नाही.

४४३ धावा आणि एकही कसोटी नाही

आणि आपल्याच घरातलं सगळ्यात मोठं उदाहरण तर विसरूनच चाललंय.

डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२ चा. फक्त नऊ धावांचं अंतर! पण इतका मार खाल्ल्यावर काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. विक्रम राहिला तो राहिलाच.

रणजीतली ती आजही सर्वोच्च वैयक्तिक खेळी आहे. आणि भाऊसाहेबांना भारताकडून अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. एकही नाही! बोर्डाचा सी. के. नायडू पुरस्कार त्यांना मिळाला, पण तो २००२ मध्ये. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २०१२ मध्ये ते गेले.

काठियावाडचा संघ दुबळा होता, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण तो दुबळा होता की नाही, याचं उत्तर काढायचा एकच रास्त मार्ग होता. भाऊसाहेबांना तगड्या संघासमोर कसोटीत उभं करायचं आणि बघायचं. ते झालंच नाही. पुरस्कार ५० वर्षांनी देता येतो. संधी ५० वर्षांनी देता येत नाही.

किरणचं पुढं काय झालं?

म्हणून किरणची गोष्ट महत्त्वाची. तिला ते दार उघडं मिळालं.

एप्रिलच्या त्या स्पर्धेत तिनं एकूण ५२५ धावा आणि ३५ सिक्सर मारले होते. त्या जोरावर मे २०२२ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला झालेल्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये ती व्हेलॉसिटी संघात आली. पहिलाच सामना. समोर स्मृती मानधनाचा ट्रेलब्लेझर्स संघ, त्यात आंतरराष्ट्रीय बॉलर. आता तरी ‘समोर कोण होतं’ विचारायला जागा नव्हती. किरणनं २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं आणि ३४ चेंडूंत ६९ केल्या. सप्टेंबरमध्ये ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली.

पुढची वाट सरळ नव्हती. भारताकडून तिला मोजकेच सामने मिळाले आणि त्यात मोठी खेळी झाली नाही. लगेच ‘बघा, प्लेटमधल्या धावा!’ म्हणणारे परत आले. मग डब्ल्यूपीएलमध्ये यूपी वॉरियर्सकडून फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनं मुंबई इंडियन्सला ३१ चेंडूंत ५७ धावांचा तडाखा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात, आता महाराष्ट्राच्या जर्सीत, पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक झळकावलं. महिलांच्या टी-२० मधलं ते जगातलं सगळ्यात वेगवान शतक ठरलं.

म्हणजे १६२ धावांनी काहीच सिद्ध केलं नव्हतं का? केलं होतं. तिला पुढच्या सामन्यात उभं करायला हवं, एवढं पक्कं सिद्ध केलं होतं. छोट्या संघातल्या पराक्रमाकडून यापेक्षा जास्त मागू नये, आणि त्याला यापेक्षा कमीही देऊ नये.

दार कुठं आहे?

हे दार कधीकाळी रणजीतही होतं, आणि तेही त्याच मोसमात. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटात होतं. कर्णधार आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर, तोही पाहुणा खेळाडू. तेव्हा प्लेटमधल्या वरच्या संघांना त्याच वर्षी बाद फेरीत एलिटवाल्यांशी भिडता यायचं. राजस्थान भिडलं, आणि अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध बाजी मारून थेट रणजी घेऊन गेलं! ‘समोर कोण होतं?’ या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. आता मात्र प्लेटमध्ये कितीही भारी खेळा, वरचा गट मिळतो तो पुढच्या मोसमात.

आणि आपलं मोडनिंब?

हे सगळं आपल्याला का सांगायचं? कारण आपण सगळेच एका अर्थानं प्लेट गटातले आहोत. मोडनिंब काय, टेंभुर्णी काय, मोहोळ काय! टेनिस बॉलच्या स्पर्धेत ‘मॅन ऑफ द सिरीज’ घेणारी पोरं इथं गल्लोगल्ली आहेत. लेदर बॉलवर सलग सराव करायचा, तर मात्र सोलापूर नाहीतर पुणं गाठायचं. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ पासूनचं, एकाच जिल्ह्यापुरतं. पुण्याचं विद्यापीठ पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांचं. इथं विद्यापीठ संघात आलेल्या खेळाडूला हमखास ऐकावं लागतं, ‘तुमच्याकडं कॉम्पिटिशनच कमी.’

खो-खो असो, कबड्डी असो, भालाफेक असो, की आणखी काही. नुसता खेळ नाही, वक्तृत्व, एकांकिका, अगदी परीक्षेतला पहिला नंबरसुद्धा. टोमणा तोच असतो.

तेव्हा पुढच्या वेळी वाद झाला की हे चार प्रश्न विचारा :

* पुरस्कार मोजणीचा आहे की मताचा? मोजणीचा असेल तर संघाचं नाव मधे आणू नका.
* त्याच गटात, त्याच संघांसमोर बाकीच्यांनी काय केलं? आपला गडी त्यांच्यापेक्षा थोडा पुढं की मैलभर पुढं?
* तगडा संघ समोर आला तेव्हा काय झालं? एकच सामना असला तरी तो बघा.
* असा सामना मिळालाच नसेल, तर तो दोष कुणाचा? खेळाडूचा नक्की नाही. वेळापत्रक तो बनवत नाही.

माझं उत्तर विचाराल तर असं : छोट्या गटातल्या खेळाडूला देशातला सगळ्यात मोठा पुरस्कार नुसत्या आकड्यांवर देऊ नये. पण नुसत्या पत्त्यावरून नाकारूही नये. जो आपल्या गटात मैलभर पुढं आहे आणि तगड्यासमोरही उभा राहिलाय, त्याचं नाव यादीत सगळ्यात वर असलं तरी चालेल. आणि ज्याला तगडा समोर मिळालेलाच नाही, त्याला आधी तो मिळवून द्या.

आणि तुम्ही स्वतः खेळत असाल, तर ‘समोर कोण होतं’ या टोमण्यावर चिडू नका. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचा ड्रॉ लागला आणि पहिलाच सामना मोठ्या विद्यापीठाशी आला, तर कपाळाला हात लावू नका. टोमण्याला उत्तर देण्याची हक्काची जागा तीच.